गाडीच्या अपघातात जखमी झालात तर: भरपाईचा दावा कसा करायचा

माझ्या धाकट्या भावाला गाडीने उडवलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी गाडीवाला हॉस्पिटलमध्ये भेटायला आला. सोबत गावातले दोन जाणते, हातात शहाळी, खिशात पंचवीस हजार रुपये आणि टाइप करून आणलेला एक कागद: 'आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.' माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. आईने शहाळी ठेवून घेतली आणि कागद परत दिला. "पोरगं उठून बसल्याशिवाय मी कशावर सही करायची नाही," एवढंच ती म्हणाली. तिला कायद्यातलं काही कळत नव्हतं. पण पुढे साडेतीन वर्षं भावाची फाइल मी सांभाळली, तेव्हा कळलं की त्या दिवशी तिने सही केली असती तर त्या कागदाचं उत्तर देता देता आमची पुरेवाट झाली असती.

आपल्याकडे क्लेम करणं म्हणजे समोरच्याशी वैर धरणं, असं अजूनही मानतात. 'ओळखीतला आहे', 'त्यालाही लेकरंबाळं आहेत' असं म्हणून कितीतरी जखमी माणसं वीस-पंचवीस हजारांवर गप्प बसतात आणि मग आयुष्यभर लंगडत मजुरी शोधतात. म्हणून पहिली गोष्ट नीट समजून घ्या. भरपाई देते ती गाडीची विमा कंपनी. एसटीसारख्या काही गाड्या सोडल्या तर रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे त्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, कायद्याने सक्तीचा आहे, आणि त्याचा हप्ता गाडीमालक याचसाठी भरतो. विमा चालू असेल तर तुमच्या दाव्याने त्याचं घर बुडत नाही.

खाली लिहिते ते मोटार वाहन कायदा, १९८८ आणि त्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीला धरून आहे. हा केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे सातारा असो, नागपूर असो की मडगाव, मूळ रीत एकच.

हॉस्पिटलात

१०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस किंवा हॉस्पिटल अडकवू शकत नाही. मदत करणाऱ्याला कायद्यातच संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीही नाही. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. तिच्यात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या हॉस्पिटलांत पैसे न भरता होतात. आमच्या वेळी ही सोय नव्हती. तुम्ही दाखल करतानाच विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅज्युअल्टीतला पहिला केसपेपर लिहिला जात असताना घरचं कोणीतरी शुद्धीवरचं माणूस तिथे उभं असू द्या. भावाला एका टेम्पोवाल्याने हॉस्पिटलात आणलं. पोलिसांचं लचांड मागे लागू नये म्हणून त्या बिचाऱ्याने सांगितलं, 'गाडीवरून घसरून पडलाय.' ड्युटीवरच्या डॉक्टरांनी तेच लिहिलं. तो कागद आम्ही पाहिला तो दीड वर्षाने, विमा कंपनीच्या वकिलांनी कोर्टात पुढे केला तेव्हा. "तुम्ही स्वतःच घसरून पडलात, कारने धडक दिलीच नाही, बरोबर ना?" त्या तीन शब्दांचा खुलासा करायला टेम्पोवाल्याला शोधून साक्षीला आणावं लागलं. तो आला, म्हणून निभावलं.

तेव्हा केसपेपरवर अपघात कसा झाला ते अचूक लिहून घ्या: अमुक ठिकाणी, अमुक वाजता, कारने धडक दिली, नंबर माहीत असेल तर नंबरही. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटून दुरुस्तीची विनंती करा. हॉस्पिटलने एमएलसी केली आहे, म्हणजे पोलिसांना वर्दी दिली आहे, याचीही खात्री करून घ्या. खाजगी हॉस्पिटलात हे कधी कधी राहून जातं.

पोलीस ठाण्यात

फिर्याद लवकर द्या. जखमी बेशुद्ध असेल तर घरचं कोणीही किंवा पाहणारा माणूस देऊ शकतो. उशीर झालाच, तर तेवढ्या कारणावरून खऱ्या दाव्यावर अविश्वास दाखवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे; घरची माणसं आधी जीव वाचवायला धावतात, ठाण्यात नाही. पण उशिराचं कारण फिर्यादीतच लिहून घ्या: 'जखमी आयसीयूत असल्याने आज आलो.' आमची फिर्याद चौथ्या दिवशी झाली आणि त्या एका ओळीने पुढचे बरेच प्रश्न मिटले.

फिर्याद वाचल्याशिवाय सही करू नका. गाडीचा नंबर, रंग, दिशा, वेळ एकेक पाहा. आमच्या फिर्यादीत नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटसुलट पडले होते. पंचनाम्यात बरोबर, फिर्यादीत चूक. तपास अंमलदारांना सांगून पुरवणी जबाब घ्यायला लावला, तेव्हा ते जुळलं. अशा चुका ठाण्यात पाच मिनिटांत सुधारतात, कोर्टात वर्षभर छळतात.

निष्काळजी वाहन चालवल्याचा आणि त्यातून दुखापत केल्याचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली नोंदवला जातो. ही फौजदारी केस वेगळी आणि भरपाईचा दावा वेगळा. चालक फौजदारीत सुटला तरी तुमचा दावा आपोआप पडत नाही, कारण दाव्यात तितका कडक पुरावा लागत नाही. 'असंच घडलं असण्याची शक्यता जास्त आहे' इतपत दाखवलं तरी पुरतं.

पोलिसांकडून या नकला घ्यायच्या: फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल, चालकाचं लायसन्स, गाडीचं आरसी बुक, विमा पॉलिसी आणि नंतर दोषारोपपत्र. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाकडे, आणि विमा कंपनीकडे पाठवायचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. या अहवालालाच दाव्याचा अर्ज मानता येतो. पण त्यावर विसंबून घरी बसू नका, आपला अर्ज आपण करा.

स्वतःकडचा पुरावाही लगेच गोळा करा. समोरच्या हॉटेलचा, पेट्रोल पंपाचा सीसीटीव्ही काही दिवसांत आपोआप पुसला जातो. चहाच्या टपरीवाल्याने अपघात पाहिला असेल तर त्याचं नाव आणि नंबर त्याच आठवड्यात लिहून घ्या. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की विमा चालू होता की नाही ते दिसतं.

गाडी पळून गेली असेल तर

नंबर सापडलाच नाही तर न्यायाधिकरणाऐवजी 'हिट अँड रन' योजनेची वाट धरायची. गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर. रक्कम थोडी आहे, पण ही योजना पुष्कळांना ठाऊकच नसते आणि पैसे तसेच राहतात. पुढे गाडी सापडली तर नेहमीचा दावा करता येतो, मिळालेली रक्कम त्यातून वळती होते.

सहा महिन्यांची मुदत

पूर्वी अशा दाव्याला मुदत नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करायचा, असा नियम आहे. सहा महिने भुर्रकन जातात. दोन महिने हॉस्पिटलात, दोन महिने प्लास्टरमध्ये, मग दिवाळी. कॅलेंडरवर पाचव्या महिन्याची तारीख आजच लाल करून ठेवा. सगळे कागद हाती नसले तरी अर्ज दाखल होतो, उरलेले मागाहून जोडता येतात. सहा महिने उलटून गेले असतील तरी हात टेकू नका. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, तेव्हा लगेच वकिलांना भेटा.

वकील

क्लेमची कामं नेहमी करणारा वकील घ्या. जमिनीच्या दाव्यात नाव कमावलेला वकील इथे उपयोगी पडेलच असं नाही. फी आधी ठरवा, जमलं तर लिहून घ्या. 'निकालानंतर तीस टक्के द्या' असं कोणी म्हणालं तर उठून या; भरपाईत वाटा ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. हॉस्पिटलच्या दारात फिरणाऱ्या मध्यस्थांना फाइल देऊ नका आणि कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही अजिबात नको. मूळ कागद स्वतःकडे ठेवा, वकिलांना झेरॉक्स द्या आणि कोर्टात मूळ दाखल केले की त्यांची यादी मागून घ्या.

फीची ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

अर्ज कुठे आणि कोणाविरुद्ध

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयातच बसतं. अर्ज कलम १६६ खाली होतो. अपघात जिथे झाला, तुम्ही जिथे राहता किंवा कामधंदा करता, किंवा समोरचा जिथे राहतो, यांतलं कुठलंही ठिकाण निवडता येतं. पुण्यात नोकरी करणाऱ्याचा अपघात सोलापूर रस्त्यावर झाला तर त्याने पुण्यात दावा लावावा. दर तारखेला सोलापूर गाठायची गरज नाही.

सामनेवाले तीन: चालक, मालक, विमा कंपनी. गाडी विकली आणि आरसीवर जुन्याच मालकाचं नाव असेल तर दोघांनाही सामील करा. एसटी महामंडळाच्या बसला खाजगी गाडीसारखी विमा कंपनी नसते, तिथे महामंडळच सामनेवालं असतं. चालकाकडे लायसन्स नव्हतं म्हणून घाबरू नका. अशा वेळी बहुधा न्यायाधिकरण विमा कंपनीला 'आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा' असं सांगतं. विमाच नसेल तर मात्र मालकाच्या मालमत्तेवर यावं लागतं, म्हणून त्याची जमीन, घर, गाडी यांची माहिती आधी काढून ठेवा.

दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि तुम्ही बाइकवर मागे बसला होतात, तर दोघांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. मित्राच्या कारमध्ये बसलेले असताना त्याचीच चूक झाली, तर त्याची पॉलिसी बघा: कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे सर्वसमावेशक, असेल तर तुम्हाला संरक्षण आहे, नुसती थर्ड पार्टी असेल तर कंपनी अंग काढून घेते. आणि चूक सर्वस्वी तुमचीच असेल तर हा दावा चालत नाही. तेव्हा आपल्या पॉलिसीतला १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा पाहा. पण तो मृत्यू, हात-पाय-डोळा गमावणं किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व यांनाच मिळतो.

एक सोपी वाटही आहे, कलम १६४ ची. तिथे चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. गंभीर दुखापतीला ठरलेले अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. पाय मोडून सहा महिन्यांत पूर्ण बरा झालेल्या माणसाला ही चांगली. पण कंपनीकडून ती रक्कम घेतली की न्यायाधिकरणातला अर्ज संपतो. ज्याचं काम कायमचं सुटलं आहे त्याने घाईने अडीच लाखांवर सही करू नये, असं मला मनापासून सांगावंसं वाटतं.

किती मागायचं

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. हॉस्पिटलच्या बिलांची बेरीज म्हणजे भरपाई, असं समजून बसतात. बिलं हा फक्त एक भाग.

जखमीला काय काय मागता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात मांडून ठेवलं आहे. उपचार, औषधं, प्रवास, सकस आहार आणि सोबतीला राहणाऱ्याचा खर्च. उपचाराच्या काळात बुडालेली कमाई. कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई. पुढच्या ऑपरेशनचा खर्च. आणि सोसलेल्या वेदना, हरवलेलं साधं सुख: लेकराला कडेवर घेणं, देवळाच्या पायऱ्या चढणं, मांडी घालून पंगतीला बसणं.

बिलांबद्दल एवढंच: मेडिकलच्या बिलावर पेशंटचं नाव आणि तारीख हवी, आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्याला जोडलेली हवी. मशीनमधून येणारी गुळगुळीत बिलं वर्षभरात पांढरी पडतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढा. रिक्षाची पावती मिळत नाही, म्हणून एका वहीत तारीख, कुठून कुठे, किती रुपये असं लिहीत जा. आई तीन महिने भावाच्या उशाशी होती, तिने मजुरी घेतली नाही म्हणून सोबतीचा खर्च शून्य होत नाही. घरच्या माणसाच्या सेवेचंही मोल मागता येतं. मेडिक्लेमने बिलं भरली असली तरी ती रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे जाण्याआधी हॉस्पिटलच्या शिक्क्यानिशी दुसरी प्रत घेऊन ठेवा. ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं आणि बिलच नसलं, तरी बाकीच्या सगळ्या बाबी मागता येतात.

कमाईचा हिशेब मात्र बारकाईने समजून घ्या. समजा एक माणूस ३४ वर्षांचा आहे, स्वतःचं काम करतो आणि महिन्याला २०,००० कमावतो. चाळिशीच्या आतल्या, पक्की नोकरी नसलेल्या माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात (पक्की नोकरी असेल तर ५० टक्के). झाले २८,०००, वर्षाचे ३,३६,०००. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं. हे गुणक २००९ च्या सरला वर्मा निकालातून आले आहेत: २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, असे उतरत जातात. ३,३६,००० गुणिले १६ म्हणजे ५३,७६,०००. आता कमावण्याची ताकद किती टक्के गेली? ३० टक्के धरली तर १६,१२,८००. ६० टक्के धरली तर ३२,२५,६००.

सगळी लढाई त्या टक्क्यांची असते. डॉक्टर दाखल्यावर लिहितात ते शरीराचं अपंगत्व. भरपाई ठरते ती कमाईच्या अपंगत्वावर, आणि दोन्ही एकच नसतात. राजकुमारच्या निकालातच उदाहरण आहे. डावा हात गेला तर दाखल्यावर सुमारे ६० टक्के येतील. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरी टिकेलही.

भाऊ फरशी बसवतो. म्हणजे बसवायचा. त्याचा उजवा घोटा चिरडला होता, प्लेट आणि स्क्रू टाकले. दाखल्यावर २८ टक्के आले. बाहेरून बघणाऱ्याला तो चालताना दिसतो, थोडा लंगडत. पण फरशीकाम उभ्याने होत नाही. दिवसाचे सात-आठ तास उकिडवं बसून, घोट्यावर अंगाचा भार टाकून मागे मागे सरकत एकेक फरशी बसवायची असते, रबरी हातोडीने ठोकून लेव्हल बघायची असते. त्याचा घोटा आता तेवढा वाकतच नाही. घरी आल्यावर पहिल्या महिन्यात त्याने अंगणात एकदा बसून पाहिलं होतं. दोन्ही हात जमिनीला टेकले, चेहरा पांढरा पडला आणि मग तो कुशीवर कलंडला. आम्ही कोणी काही बोललो नाही.

हे सगळं दाखल्यातल्या आकड्यात येत नाही, ते सांगावं लागतं. अर्जात आणि प्रतिज्ञापत्रात तुमचं काम नेमकं कसं होतं ते लिहा: किती वजन उचलता, किती वेळ उभे राहता, शिडी चढता का, बोटांनी बारीक काम करता का. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हायलाच हवी. नुसता दाखला लावला की कंपनी म्हणते, हा माणूस डॉक्टरांनी तपासलाच नाही. दाखला सिव्हिल हॉस्पिटलच्या मंडळाचा किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा असावा. भलत्याच डॉक्टरकडून पैसे देऊन फुगवून आणलेले टक्के उलटतपासणीत उघडे पडतात आणि सोबत खरंही बुडवतात.

कमाईचा पुरावा म्हणून पगारपत्रक किंवा इन्कम टॅक्सचं रिटर्न असेल तर उत्तम. नसेल तर बँकेचं खातं, यूपीआयचे जमा झालेले पैसे, डेअरीचं दूधबिल, कारखान्याची ऊसबिलं, सातबारा. भावाच्या ठेकेदाराकडे एक जाड वही होती, त्यात दर शनिवारी भावाच्या नावापुढे दिलेली उचल आणि सही. ती वही घेऊन ठेकेदार साक्षीला आला. काहीच नसेल तर किमान वेतन धरतात. घर सांभाळणाऱ्या बाईचं उत्पन्न शून्य धरत नाहीत, तिच्या श्रमाचंही मोल करतात. तेव्हा 'आई काय, घरीच असते' असं अर्जात लिहू नका.

आणखी दोन गोष्टी. कामावर असताना अपघात झाला असेल तर कामगार नुकसानभरपाईचा कायदा किंवा हा कायदा, दोन्हींपैकी एकच निवडता येतो. आणि शेतकरी कुटुंबातलं माणूस असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना वेगळी आहे: मृत्यू झाला किंवा दोन अवयव निकामी झाले तर २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, ३० दिवसांच्या आत.

साक्षीच्या दिवशी

आधी तुमचं सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे तुमची स्वतःची लेखी साक्ष, दाखल होतं, मग कंपनीचे वकील उलटतपासणी घेतात. भावाला पहिला प्रश्न आला, "तुम्ही आज बसस्टँडवरून इथपर्यंत चालत आलात ना?" तो म्हणाला, "हो." खरं होतं म्हणून हो म्हणाला. मी मागच्या बाकावर बसून हवालदिल झाले. पण नंतर आमच्या वकिलांनी डॉक्टरांना एकच विचारलं, हा माणूस उकिडवा बसू शकेल का? डॉक्टर म्हणाले, नाही, आणि पुढेही बसू शकणार नाही. न्यायाधिकरणाने कमाईचं नुकसान दाखल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट धरलं.

म्हणून खरं आणि थोडकं बोला. येतं ते येतं म्हणा, येत नाही ते येत नाही म्हणा. हेल्मेट नव्हतं तर नव्हतं म्हणा. थोडी रक्कम कापली जाऊ शकते, पण खोटं पकडलं गेलं तर तुमच्या कुठल्याच शब्दाला वजन उरत नाही. वेळ आठवत नसेल तर 'आठवत नाही' हे पूर्ण उत्तर आहे.

तडजोडीचा प्रस्ताव आला तर

राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी कंपनीचे अधिकारी आकडा घेऊन येतात. पैसे लवकर मिळतात, कोर्ट फी परत मिळते आणि प्रकरण तिथेच मिटतं. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. वरचा हिशेब स्वतः कागदावर मांडल्याशिवाय बसू नका. आम्हाला पहिल्या बैठकीत सांगितलेली रक्कम नंतरच्या निकालाच्या निम्मीही नव्हती. उलट शेजारच्या काकांचा खांदा पूर्ण बरा झाला होता, त्यांनी लोकअदालतीत मिटवलं आणि ते योग्यच केलं. प्लेट काढायचं ऑपरेशन बाकी असेल तर त्याच्या खर्चाचा अंदाज डॉक्टरांकडून लेखी घेऊन आधीच समोर ठेवा, एकदा मिटलं की तो मागता येत नाही.

निकालानंतर

निकालात मूळ रक्कम आणि अर्जाच्या तारखेपासूनचं व्याज असतं, बहुतेक वर्षाला ६ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान. कंपनीने ३० दिवसांत रक्कम भरायची असते. पैसे थेट जखमीच्या बँक खात्यात जातात, काही भाग मुदत ठेवीत ठेवायला सांगतात. खातं जखमीच्या स्वतःच्या नावावर, आधार जोडलेलं आणि चालू असू द्या. 'माझ्या खात्यावर घेऊ, मग देतो' असं वकील किंवा नातेवाईक, कोणीही म्हणालं तरी नको.

कंपनीने किंवा मालकाने भरलं नाही तर कलम १७४ खाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करा. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला पाठवतं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.

रक्कम कमी वाटली तर उच्च न्यायालयात अपील ९० दिवसांत. वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपील नाही. कंपनीने अपील केलं तरी तिला आधी २५ हजार किंवा निकालाच्या निम्मी रक्कम, यांतली जी कमी असेल ती भरावी लागते. स्थगितीच्या वेळी उच्च न्यायालय बऱ्याचदा आणखी रक्कम जमा करायला लावतं आणि त्यातला काही भाग जखमीला काढून घेण्याची परवानगी मागता येते. आम्ही ती मागितली, आणि त्या पैशांतून भावाने बाजारपेठेत फरशी-टाइल्सचं छोटं दुकान घातलं. काउंटरमागे उंच स्टूल आहे, त्यावर बसून तो आता गिऱ्हाइकांना माल दाखवतो. तुम्ही निकाल ऐकाल त्याच दिवशी, कोर्टातून बाहेर पडण्याआधी, प्रमाणित नकलेचा अर्ज देऊन टाका.